भित्र्या माणसाची पखाल

“दिवंगत इब्राहिमभाई पखालवाले कसबी असले, तरी स्वभावाने कमालीचे भित्रे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी गवत पेटले, तेव्हा घोडीवर पाण्याने भरलेली पखाल असूनही त्यांनी तिचा उपयोग केला नाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी त्यांनी रापीने आपलीच पखाल फाडली, घोडी हलकी केली आणि ते पळाले. मेंढपाळांची कोकरे मात्र होरपळून मेली.”

हा मजकूर धुळ्यात निघालेल्या एका स्मरणिकेत छापून आला आहे. लेखकाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्याला प्रसिद्धीची हौस आहे आणि ती माझ्या हातून पुरी व्हावी अशी माझी इच्छा नाही. मी त्याला दोन पत्रे पाठवली. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले: “काका, आपल्या भावना मी समजू शकतो.” त्याने माझ्या भावना समजून घ्याव्यात अशी माझी विनंती नव्हती. त्याने मजकूर मागे घ्यावा अशी होती. तो त्याने घेतला नाही, आणि आता बोदवडच्या बाजारात इब्राहिमभाईंच्या मुलाला, सलीमला, ‘पळपुट्याचा पोरगा’ म्हणून हाका मारतात. म्हणून हे लिहावे लागत आहे. हा लेखक आगीच्या दिवशी तेथे नव्हता. मी होतो. घोडीचा लगाम माझ्या हातात होता.

त्याच्या मजकुरातले पहिले वाक्य मात्र मला मान्य आहे. इब्राहिमभाई भित्रे होते. मी त्यांना ओळखत होतो त्या साऱ्या वर्षांत ते भ्यालेले नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. त्यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते स्वतःच्याच पखालीला घाबरून भिंतीआड लपले होते.

मी तेव्हा पशुसंवर्धन खात्यात जनावरांचा डॉक्टर होतो आणि बोदवडला माझी बदली झाली होती. एका घरामागून जात असताना निंबाच्या फांदीला एक प्रचंड काळपट वस्तू टांगलेली दिसली आणि भिंतीच्या कोपऱ्यावरून अर्धा चेहरा तिच्याकडे टक लावून पाहत असलेला दिसला. मी विचारले, “काय झालं हो? साप आहे का?”

“नवी हाये,” चेहरा कुजबुजला. “भरली हाये. भेव लागते.”

“पखालीचं भेव?”

“पखालीचं नाई भाऊ. थेंबाचं.”

आज पखाल पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत, म्हणून सांगतो. पखाल म्हणजे म्हशीच्या कमावलेल्या कातड्याच्या दोन मोठ्या पिशव्या, वरून एकमेकींना जोडलेल्या. घोड्याच्या खोगिरावर ती आडवी टाकतात. एक पिशवी डावीकडे लोंबते, दुसरी उजवीकडे. पाणी वरच्या तोंडातून भरतात. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना निमुळती चामडी सोंड असते. ती दुमडून दोरीने करकचून बांधतात, आणि पाणी काढायचे तेव्हा ती दोरी सोडतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे मुरवायचे, आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचे, शिवणीवर तेल आणि राळ यांचे ऊन मिश्रण चोळायचे, हे सारे इब्राहिमभाई एकटे करीत. आणि सगळे झाले की पखाल निंबाला टांगून भरायची, तिच्याखाली चाळणीने चाळलेली कोरडी माती पसरायची आणि भिंतीआड जाऊन उभे राहायचे. मातीवर एक थेंबाचा डाग दिसला, की ते ती सबंध शिवण उसवीत. नुसती गळकी जागा बुजवून भागेल, असे मी त्यांना एकदा सुचवले होते.

“अन् तिच्या शेजारची?” ते म्हणाले. “ते उद्या गयंल. रानात गयंल. जनावर बोलत नाई भाऊ. पाठीवर पानी गयून कातडी सडली, तं ते कोनाले सांगनार?”

बोदवडकडे गळण्याला ‘गयनं’ म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असे. भरलेल्या पखालीच्या अंगाला बाहेरून ओल सुटते. चांगले कातडे नेहमीच असे पाझरून पाणी गार ठेवते. ती ओल म्हणजे गळती नव्हे. नवे गिऱ्हाईक ती ओल पाहून तक्रार करी, तेव्हा इब्राहिमभाई आपले ओले कपाळ त्याच्यापुढे करीत. “हे पाहा. मलेबी घाम येते. सकायपासून येते. पन मी गयत नाई.”

हा त्यांचा आवडता विनोद होता आणि तो ते अतिशय घाबरलेल्या आवाजात करीत.

त्यांना कशाकशाची भीती वाटे याची यादी करण्यात अर्थ नाही. मोटारीच्या भोंग्याची वाटे, विजेच्या खांबाची वाटे, फोन वाजला की ज्याने फोन केला त्याच्या घरी कोणी गेले असे समजून ते आधी खाली बसत. अलीकडच्या वर्षांत मात्र त्यांच्या भीतीत एका खऱ्या गोष्टीची भर पडली होती. कातडे आणायचे म्हणजे रस्त्याने न्यायचे, आणि कातड्याचे बोचके दिसले की कोणीही रस्त्यात अडवू लागले. ते एस.टी.त चढताच कोणी न विचारता वाहकाला सांगत, “म्हशीचं हाये बरं का साहेब, पावती हाये.” वाहकाने नाक मुरडले तरी ते पुन्हा सांगत. शेजारी बसणाऱ्याला सांगत. एकदा तर त्यांनी खिडकीपाशी झोपलेल्या एका बाईला उठवून सांगितले आणि तिने त्यांना शिव्या दिल्या.

एका दुपारी मी त्यांच्याबरोबर होतो. बोदवडच्या अलीकडे मोटारसायकलींवरच्या काही तरुणांनी आमची रिक्षा थांबवली आणि बोचके उघडायला लावले. इब्राहिमभाईंच्या हातून गाठ सुटेना. माझ्या स्वभावाप्रमाणे मी खाली उतरलो. मी कोण, माझी नोकरी काय होती, जनावराचे कातडे ओळखायला मी कुठे शिकलो हे मी त्या मुलांना चढ्या आवाजात सांगू लागलो आणि त्यांना ते कोणी शिकवले, असे विचारू लागलो. एक जण माझ्या अंगावर आला. इब्राहिमभाईंनी मागून माझ्या सदऱ्याचे टोक धरले आणि अगदी हळू म्हणाले, “भाऊ, पाया पडतो, गप ऱ्हा. तुमचा आवाज तुमाले शोभते. त्याची फेड मले करा लागते.”

मी मागे सरलो. त्यांनी गाठ सोडली, कातडे उलगडले, म्हशीचे केस कसे असतात ते दाखवले, पावती दाखवली, पुन्हा सारे दुमडले. त्या मुलांमधला एक म्हणाला, “चाचा, एवढं घाबरायला काय झालं? आम्ही काय खातो का?” इब्राहिमभाई हसले. रिक्षा सुरू झाल्यावर पुढच्या गावापर्यंत ते हसत राहिले, कारण चेहरा पूर्ववत करायचे त्यांना सुचत नव्हते. तो हसरा चेहरा मी आजतागायत विसरू शकलेलो नाही.

स्मरणिकेतल्या लेखकाला ही भीती ठाऊक नाही. त्याला ‘भित्रे’ हा शब्द ठाऊक आहे.

आता पखाल रिती करण्याची रीत सांगणे भाग आहे, कारण सारा वाद तिथेच आहे. भरलेली पखाल घोड्यावर समतोल असते ती दोन्ही पिशव्या सारख्या जड असतात म्हणून. एकीतले पाणी आधी गेले, तर दुसरी आपल्या ओझ्याने खोगीर फिरवते. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, घोड्याच्या पोटात रुततो, आणि चढउताराच्या जागी घोडे त्या बाजूला कोसळते. म्हणून दोन माणसे दोन्ही सोंडा एकदम सोडतात. माणूस एकटाच असेल, तर त्याने एक सोंड थोडी सोडायची, बांधायची, घोड्याला वळसा घालून दुसरी थोडी सोडायची, बांधायची आणि पुन्हा अलीकडे यायचे. हे कंटाळवाणे काम आहे. नवे लोक कंटाळून एकच बाजू सोडतात आणि घोडे पाडतात. इब्राहिमभाई गिऱ्हाइकाकडून हे वळसे आपल्या अंगणात घालून घेत आणि मगच पखाल देत. मोठमोठे मिशाळ मेंढपाळ रिकाम्या पखालीभोवती फेऱ्या घालीत आणि इब्राहिमभाई भिंतीपाशी उभे राहून “आता तिकडून, आबा, तिकडून” असे विनवीत, हे दृश्य मी पाहिले आहे.

त्यांची अखेरची गिऱ्हाइके म्हणजे हे मेंढपाळच. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडून ते पावसाळा सरला की मेंढरे घेऊन निघतात आणि सारा संसार घोड्यांवर लादून उन्हाळाभर आमच्या बाजूला, थेट सातपुड्यापर्यंत फिरतात. आता तेही प्लॅस्टिकचे कॅन वापरतात. सोमा नावाच्या मेंढपाळाच्या पांढऱ्या घोडीची पाठ त्या कॅनांच्या कडांनी घासून घासून उघडी पडली होती. नोकरी संपली तरी लोक मला बोलावतात. मी तिच्या जखमा भरून काढल्या आणि सोमाला स्पष्ट सांगितले, की पुन्हा कॅन लादलास तर मला बोलावू नकोस. त्याने इब्राहिमभाईंकडे पखाल सांगितली. तीच ही पखाल.

होळी होऊन गेली होती. सोमाचा मुक्काम सावद्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एका नाल्याच्या काठी होता. पखाल घोडीच्या अंगावर नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी इब्राहिमभाई आणि मी तेथे गेलो. सोमा मेंढरे घेऊन नाल्यापलीकडे गेला होता. तिकडचा माळ चरून उघडा झाला होता. अलीकडे मात्र कमरेइतके वाळलेले गवत उभे होते. मुक्कामावर सोमाची म्हातारी आई बायजाअक्का तेवढी होती. ती तापाने फणफणून पालात, म्हणजे त्या बुटक्या कापडी तंबूत, पडली होती. थोड्या अंतरावर जाळीच्या कोंडवाड्यात लहान कोकरे होती. आम्ही शेजारच्या शेतातल्या पंपावर पखाल भरली, घोडीला सावकाश फिरवले, आणि इब्राहिमभाई तिच्या पोटाखाली वाकून मातीकडे पाहत राहिले.

“गळत नाही हो,” मी म्हणालो. “आता तरी हसा.”

“अजून चालू द्या भाऊ. उभी ऱ्हायल्यावर कोनतीबी पखाल गयत नाई.”

आधी आवाज आला. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या कोणी तरी कडाकड मोडत यावे, तसा. वरच्या अंगाला कोणी तरी गव्हाचे काड पेटवले होते आणि वारा फिरला होता. मी वळून पाहिले तेव्हा धूर जमिनीला चिकटून आमच्याकडे येत होता, आणि त्याच्या पोटात ज्वाळा अशा दिसत होत्या, की जणू त्यांना घाई नाही. नाल्यापलीकडून सोमा आणि त्याचे सोबती ओरडू लागले, “डाक्टर! निघा! बठ्ठं जळी जाई! आई शे तठे, माय शे मन्ही!”

इब्राहिमभाई मटकन खाली बसले. हे मी लपवणार नाही. त्यांचे तोंड पांढरे पडले होते आणि दात एकमेकांवर आपटत होते. मीही भ्यालो होतो. भीतीने माझ्या हातापायांतली शक्ती गेली होती आणि ती सारी गळ्यात आली होती. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला पहिल्या काही क्षणांचे आठवत नाही. मी आगीकडे पाहत होतो आणि ते पालाकडे पाहत होते.

“अक्का,” ते म्हणाले. “अक्का चालू नाई शकत.”

मग ते उठले. तापामुळे डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलेल्या म्हातारीला आम्ही दोघांनी तशीच पालातून ओढून घोडीपाशी आणले. तिला खांद्यावर घेऊन नाल्याची दरड उतरणे आम्हा दोन म्हाताऱ्यांना शक्य नव्हते. घोडीवर घालावी, तर घोडी पाण्याने भरलेली. तेवढे ओझे आणि वर माणूस घेऊन ती त्या उतारावर पडलीच असती. तंग सोडून पखाल खाली लोटावी, तर ती एका अंगाला घसरताना घोडीला घेऊनच गेली असती. मी सदरा काढून घोडीच्या डोळ्यांवर टाकला, लगाम आखूड धरला आणि इब्राहिमभाईंना ओरडून सांगितले, “कापा! पखाल कापा!”

होय, तो शब्द माझा. नाल्यापलीकडच्या सर्वांनी तो ऐकला, आणि स्मरणिकेतल्या कथेचा जन्म तिथे झाला. त्यांनी बरोबरच ऐकले. माझा आवाज खणखणीत आहे आणि तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच ओरडेन. मला दुसरे काही सुचलेच नसते.

इब्राहिमभाईंच्या कमरेला रापी होती. कातडे कापण्याचे ते रुंद पात्याचे हत्यार त्यांच्या कमरेला सदैव असे. त्यांनी ती उपसली. क्षणभर तिच्याकडे पाहिले. आणि त्यांनी ती दूर गवतात फेकून दिली.

“काय करताय!” मी किंचाळलो.

“हातात ऱ्हायली तं हात चालंल,” ते म्हणाले. “एका अंगानं फाटली तं घोडी पडंल. अक्का खाली येईल.”

त्यांनी पालातल्या बाकीच्या घोंगड्या सोंडेखाली टाकल्या आणि दोरी सोडायला घेतली. दोरीचे टोक त्यांच्या बोटांतून दोनदा निसटले. पाणी धो धो घोंगड्यांवर पडले. थोडे गेल्यावर त्यांनी सोंड दुमडून धरली, गुंडाळली, बांधली. बांधली! धूर आमच्या तोंडात जात होता आणि हा माणूस सोंड बांधत होता. मग ते घोडीला वळसा घालून पलीकडे गेले. पलीकडे आग होती. घोडीच्या त्या बाजूला मला ते दिसेनासे झाले; फक्त त्यांचे पुटपुटणे ऐकू येत होते. ते कलमा म्हणत होते की मोजत होते, मला कळले नाही. पाणी पडल्याचा आवाज आला. थांबला. ते पुन्हा अलीकडे आले; दाढीचे केस करपल्याचा वास त्यांच्या अंगाला येत होता. घोडी माझ्या हातात थडथड उडत होती, पण डळमळली नाही.

“भाऊ, भेव लागू ऱ्हायलं हो,” ते रडत म्हणाले.

“मग फाडा ना! ओढा, तोडा, काहीही करा!”

“भेव लागते म्हनून तं फाडत नाई!”

आणि ते पुन्हा पलीकडे गेले.

किती वळसे झाले ते मी मोजले नाहीत आणि जो आकडा सांगेल तो खोटे बोलतो. अखेर दोन्ही पिशव्या पोटाला चिकटल्या. आम्ही बायजाअक्काला भिजलेल्या घोंगड्यांत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळले, रिकाम्या पखालीवर आडवे घातले आणि उरलेले एक घोंगडे घोडीच्या पाठीमागच्या अंगावर टाकले. मी लगाम धरून दरड उतरलो. ते म्हातारीला दोन्ही हातांनी दाबून धरून शेजारून चालत होते आणि मोठमोठ्याने हुंदके देत होते. आम्ही नाल्याच्या वाळूत पोचलो तेव्हा मागे पाल पेटले. कोकरे मेली, हे खरे आहे. त्यांची जाळी आगीच्या तोंडाशी होती. पखाल काय, पंपाची विहीर उपसून ओतली असती तरी तेथे पोचता आले नसते. त्यांचा आवाज बंद होईपर्यंत इब्राहिमभाई कानांवर हात दाबून वाळूत बसून होते. मग त्यांनी मला विचारले, “घोडीच्या पाठीले काई लागलं का, पाहता का जरा?”

दुसऱ्या दिवशी जळक्या माळावर त्यांची रापी सापडली. मूठ जळून गेली होती, पाते उरले होते. आरोपाचा दुसरा पुरावा हा. पाणी सांडताना लोकांनी दुरून पाहिले, हा तिसरा. बायजाअक्काला का विचारत नाही, असे मला सुचवण्यात आले. तिला विचारून झाले आहे. ती घोंगडीच्या आत होती. तिला दिसले काहीच नाही; ऐकू आले ते माझे ओरडणे. ती म्हणते, “डाक्टर म्हने कापा, मंग कापीच व्हई ना बापा.” जिचा जीव वाचला तिचीच साक्ष माझ्या मित्राच्या विरुद्ध जाते, आणि ती बिचारी ती साक्ष त्याला दुवा देत देते.

ती पखाल इब्राहिमभाईंनी सोमाला दिली नाही. आगीकडच्या पिशवीचे कातडे बाहेरून करपले होते. मी म्हणालो, आतून शाबूत आहे, द्या. “आग पाह्यलेली पखाल मी कोनाले देत नाई,” ते म्हणाले. “मले झोप येनार नाई.” त्यांनी सोमाला दुसरी करून दिली, आणि ही आपल्या घराच्या आढ्याला टांगून ठेवली. तिच्याखाली ते कधी बसत नसत. त्या दिवसाविषयी ते कोणाशी बोलत नसत, कोणी विचारले तर म्हणत, “मी लय भ्यालो होतो.” ऐकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचे ते घेतले.

गेल्या हिवाळ्यात ते जळगावच्या एका दवाखान्यात वारले. यंत्रांना ते भीत, नळ्यांना भीत, पांढऱ्या कपड्यांना भीत. अखेरच्या दुपारी मी शेजारी होतो. “भाऊ,” ते म्हणाले, “भेव लागू ऱ्हायलं.” मी आयुष्यभर ज्याला त्याला उत्तर दिले आहे. त्या वेळी दिले नाही. त्यांचा हात घामाने ओला होता. तो मी धरून ठेवला.

सलीमने मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी चौकात फलक लावला: ‘निर्भय कारागीर’. मी त्याच्या मोटारसायकलींच्या सीटकव्हरांच्या दुकानात जाऊन तो उतरवायला सांगितले. तो चिडला. “काका, ते लोक अब्बाले भित्रा म्हनतात, तुमीबी तेच म्हनता!”

“मी तेच म्हणतो,” मी म्हणालो. “ते भित्रे होते. त्यांनी पखाल फाडली नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तू पहिली लपवलीस, तर दुसरीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

“मंग सिद्ध कसं करनार? तुमच्या आवाजानं?”

पोरगा बापापेक्षा तिखट आहे. मी त्याला म्हणालो, “ती आढ्याची पखाल खाली काढ.”

त्याने ती असोद्याला माझ्या घरी आणली. कोरडे पडलेले कातडे आम्ही तेल लावून मऊ केले आणि पाणी शिंपून जागे केले. तिच्यावर ठिगळ नाही, दुसऱ्यांदा घातलेली शिवण नाही; सोंडांच्या दोऱ्या त्याच आहेत, आगीकडच्या दोरीचे टोक करपलेले आहे. रापीने फाडलेली पखाल कशी दिसते हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी ती दुसरीकडे पाहावी.

आज सकाळी सलीमने आणि मी ती माझ्या अंगणातल्या निंबाला टांगली आणि दोन्ही पिशव्यांत सारखे सारखे पाणी घालून तोंडापर्यंत भरली. खाली मी चाळणीने चाळून माती पसरली. स्मरणिकेच्या लेखकाला येऊन पाहण्याचे निमंत्रण मी पाठवले होते. तो आलेला नाही. सलीम सकाळपासून भिंतीआड उभा आहे आणि तिथून हलायला तयार नाही. आता दिवस कलला आहे. पखालीच्या सर्वांगाला घाम सुटला आहे.

खालची माती कोरडी आहे.